नऊशे सातव्या पिढीचा सांधा

पाण्यात हात घालण्याआधी तो नाकाशी नेऊन हुंगायचा, ही आत्यांची सवय नऊ वर्षांची. प्रयोगशाळेत त्या चोवीस वर्षं होत्या, म्हणजे आधीची पंधरा वर्षं त्यांनी हात न हुंगता काढली होती. हा फरक कोणाच्या लक्षात आला नव्हता. संशोधकांचं लक्ष फार बारीक गोष्टींकडे असतं. हात त्या मानाने मोठा अवयव आहे.

आत्या तिथे कोणाच्याच आत्या नव्हत्या. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या भावाची मुलगी सहा महिने शिकायला आली होती, ती आत्या म्हणे म्हणून बाकीचे म्हणू लागले. मुलगी गेली, नातं राहिलं. पुढे सरही, वयाने चार वर्षांनी मोठे असून, "आत्या, जरा येता का" म्हणू लागले.

त्यांचं काम म्हणजे पाहुण्यांची उठबस. पाहुणे हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मोहरीच्या दाण्याहून लहान धड आणि त्याला वळवळती शेपूट, एवढाच ऐवज असलेला हा समुद्री जीव. अंगातून आरपार दिसतं. स्वतःभोवती शेंबडासारख्या पातळ पदार्थाचं फुगीर घर बांधतो, त्यातून पाणी गाळून खातो, जाळी तुंबली की घर सोडतो आणि दुसरं बांधतो. असं दिवसातून पाच-सहा वेळा. घर बदलायचं म्हणून कुरकुर नाही, सामान हलवणं नाही. सोमवारी अंड्यातून निघालेला पाहुणा शनिवारी पुढच्या पिढीची सोय करतो आणि मरतो. त्याला गोठवला तर त्याचा नमुना राहतो, जीव राहत नाही. म्हणून एका पिढीच्या हातून दुसरी झेलायची, दर सहा दिवसांनी, सुट्टी न घेता. एकदा झेल सुटला की वंश बुडाला.

अठरा अंशांच्या खोलीत सोळा काचपात्रं होती. प्रत्येकात एक पारदर्शक वल्हं मिनिटाला पंधरा फेरे घेत पाणी हलतं ठेवी. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर एकच आकडा असे, चालू पिढीचा. त्या सोमवारी तो १४६२ होता. दारावर आत्यांच्या टपोऱ्या अक्षरात सूचना होती: साबण नाही. अत्तर नाही. क्रीम नाही. शंका आली तर हात बाहेर.

चोवीस वर्षांत एकदाही झेल सुटला नाही, अशी आत्यांची ख्याती होती. परदेशातली माणसं त्यांना भेटून हात मिळवत. आत्या तो हात नंतर धुऊन टाकत.

महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. सरांनी निरोपाला एक काचपात्र मागवलं होतं, त्यावर पिढीचा आकडा खोदून घ्यायचा होता. हे गुपित होतं, त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी सरांनी हाक मारली. टेबलावर एक छापील कागद होता.

"आत्या, एक सही हवी होती. औपचारिकताच आहे."

"कसली?"

"लेख शुक्रवारी जातोय. तपासणारे पहिला प्रश्न हाच विचारतील, की वंश मधे तुटला नव्हता कशावरून? म्हणून हे प्रमाणपत्र. पिढी एक ते चौदाशे बासष्ट, अखंड. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

आत्यांनी कागद घेतला. हात आपसूक नाकाशी गेला. कागदाला कागदाचाच वास होता.

"चष्मा खाली राहिलाय," त्या म्हणाल्या. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. सर पडद्यावरचा आलेख बघत होते, त्यामुळे हे खपून गेलं.

लेख होता कात्रीचा. कात्री म्हणजे तिशी ओलांडलेली, चार वर्षं याच एका प्रश्नाला चिकटलेली संशोधक. हे नाव तिला तिच्या विषयामुळे पडलं की जिभेमुळे, याबद्दल दोन मतं होती. आत्यांनी चार वर्षं तिला पाहुणे मोजून दिले, नमुने गोठवून दिले, उपाशी बसली की स्वतःचा डबा पुढे केला. पण ती नक्की काय शोधते हे कधी विचारलं नव्हतं. आचाऱ्याने जेवणाऱ्याला "पचलं का" असं विचारू नये, तसं त्यांना वाटे. त्या दुपारी मात्र त्यांनी डबा उघडण्याआधीच विचारलं.

"तुझ्या लेखात आहे तरी काय? मला कळेल असं सांग."

कात्रीने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "आज काय विशेष?"

"सही करायची आहे. न वाचता केली तर नवरा ओरडतो."

"ऐका मग. जनुक म्हणजे एक लांब मजकूर. पेशीला त्यातलं काही हवं असलं की आधी त्याची नक्कल निघते. पण नकलेत मधे मधे नको असलेले तुकडे असतात. ते कापायचे आणि उरलेली टोकं सांधायची. मग ती नक्कल वाचून पेशी कामाला लागते."

"आधीच नीट का नाही लिहीत?"

"ते मला कळलं तर मी इथे तुमचा डबा खात बसणार नाही. आपल्या माणसांत ते नको असलेले तुकडे हजारो अक्षरांचे असतात. आपल्या पाहुण्यांचं जनुकसंचित अगदी आटोपशीर. एका खोलीचा संसार. तुकडेसुद्धा चाळीस-पन्नास अक्षरांचे. आणि गंमत पुढेच आहे. तुकडा कुठे सुरू होतो हे कळायला सुरुवातीला ठरलेली अक्षरं असतात. माशीपासून माणसापर्यंत बहुतेक सगळीकडे तीच. कापणारी यंत्रणा ती बघून कापते. पाहुण्यांत पुष्कळ ठिकाणी ती अक्षरंच वेगळी."

"मग कापलं कसं जातं?"

"यंत्रणा चालवून घेते. अर्जावर सही भलत्या जागी असली तरी शिक्का मारणारा एखादा कारकून असतो ना, तशी." कात्रीने पोळीचा तुकडा मोडला. "आणि हा माझा शोध. दहा वर्षांपूर्वीचे गोठवलेले नमुने, पिढी आठशे पन्नास. आणि आत्ताचे. दोन्ही ताडून पाहिले. शेकडो तुकड्यांच्या जागा बदलल्यात. काही गेलेत, काही नवे आलेत, सुरुवातीची अक्षरं पालटलीत. हे व्हायला लाखो वर्षं लागावीत आत्या, आणि ते आपल्या खोलीत, दहा वर्षांत झालंय. तुमच्या डोळ्यांदेखत."

आत्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"सांधल्यावर," त्यांनी विचारलं, "कळतं का, की इथे सांधलंय म्हणून?"

"मजकुरातून नाही कळत. पण सांध्याच्या जरा अलीकडे प्रथिनांचा एक गठ्ठा बसलेला असतो. इथे काम झालंय, अशी खूणच. नक्कल पहिल्यांदा वाचली गेली की तो गळून पडतो."

"आणि वाचलीच नाही तर?"

"तर राहील की बसून. तुम्ही जेवत का नाही?"

नऊ वर्षांपूर्वी घडलं होतं ते असं. खाऱ्या पाण्याने आत्यांच्या हातांना भेगा पडल्या होत्या. नणंद पाहुणी आली होती, खरी पाहुणी, आठ दिवसांची. तिने हात बघितले आणि म्हणाली, "वहिनी, हे हात आहेत की खवणी? दादाला जवळ घेता तेव्हा त्याला खरचटत नाही का?" आणि गुलाबाच्या वासाच्या क्रीमची डबी हातात कोंबली. आत्यांनी झोपताना ते लावलं. सकाळी नेहमीसारखे हात पाण्याने धुतले. क्रीम पाण्याने जात नाही, हे त्यांनी स्वतःच दारावर लिहिलेल्या सूचनेमागचं सगळं शास्त्र होतं. पण सूचना लिहिणारा माणूस ती वाचत नसतो. त्या सकाळी त्यांनी सोळाच्या सोळा पात्रांतले पाहुणे त्याच हाताने नव्या पाण्यात हलवले. दुपारी बारापर्यंत सगळी घरं विरघळल्यासारखी झाली होती आणि नऊशे सातवी पिढी तळाशी पडली होती.

सर परिषदेला गेले होते. शेजारच्या खोलीत, डोंगरापलीकडच्या खाडीतून नावाड्याने आणलेले पाहुणे होते. बाहेरून आलेला एक संशोधक त्यांची अंडी मोजून परत गेला होता आणि ते फेकायचे होते. दिसायला हुबेहूब आपल्या अलीकडच्या खाडीतल्या वंशासारखेच. आत्यांनी वीस मिनिटं विचार केला. मग त्यातले अंडी-बीजाने भरलेले नर-मादी उचलले, सोळा पात्रांत सोडले, आणि रजिस्टरात नऊशे सातच्या खाली नऊशे आठ लिहिलं. सर परत आल्यावर त्यांनी विचारलं, "सगळं ठीक?" आत्या म्हणाल्या, "ठीक."

तेव्हापासून ही गोष्ट त्यांच्या पोटात एखाद्या गिळलेल्या बीसारखी होती. रोज टोचायची, पण रोजचीच. पाहुणा तो पाहुणा, अलीकडचा काय नि पलीकडचा काय, असं त्या स्वतःला सांगत. डब्यासमोर बसून कात्रीचं ऐकताना त्यांना पहिल्यांदा कळलं, की दोन खाड्यांतले पाहुणे बाहेरून एकसारखे आणि आतून परके होते. शेकडो तुकडे खोलीत बदलले नव्हते. ते डोंगराच्या दोन बाजूंना, कोणी बघत नसताना, लाखो वर्षांत बदलले होते. आत्यांनी फक्त दोन टोकं सांधली होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात यजमान मटार सोलत होते. तीस वर्षं त्यांनी शहरात बस चालवली होती, आणि निवृत्तीनंतर त्यांना कुठल्याही कामात घाई होत नसे.

"अहो, एक विचारू?"

"विचारण्याआधी विचारतेस, म्हणजे गंभीर आहे."

आत्यांनी सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. नणंदेचं नाव आलं तिथे त्यांनी आवाज जरा चढवला, तो अन्याय होता हे कळूनही. यजमानांनी एक शेंग पूर्ण सोलली.

"एवढंच ना? अगं, आमच्या डेपोत रोज व्हायचं. गाडी बंद पडली की दुसरी लावायची. पाटी तीच, मार्ग तोच. प्रवाशाला पोचल्याशी मतलब. कोणी म्हटलं नाही, की कालची बस कुठाय?"

आत्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी गॅसची बटणं न तपासता खुर्ची ओढली. आल्यापासून त्यांनी ती चार वेळा तपासली होती.

"म्हणजे तसं चालतं?"

"न चालायला काय झालं. फक्त नोंदवहीत गाडीचा नंबर बदलून लिहायचा. तेवढं लिहावंच लागायचं. मागे कधी एखाद्या गाडीचे ब्रेक कसे होते असं कोणी विचारलं, तर कुठली गाडी होती ते तरी कळायला हवं." त्यांनी दाणे भांड्यात टाकले. "तू लिहिलंस ना?"

आत्या उठल्या आणि त्यांनी गॅसची बटणं तपासली.

"अच्छा," यजमान म्हणाले. मग त्यांनी पुढची शेंग उचलली.

मंगळवारी सरांनी विचारलं, "आत्या, कागद?" आत्या म्हणाल्या, "घरी राहिला." बुधवारी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "यजमान वाचताहेत." कागद दोन्ही दिवस त्यांच्या पिशवीत, डब्याखाली होता, आणि त्याच्या कोपऱ्यावर आमटीचा डाग पडला होता. बुधवारी त्यांनी एक पात्र दोनदा धुतलं आणि एक एकदाही नाही. वल्ह्यांचे फेरे मोजताना आकडा चुकू लागला. कात्रीचा फोन वाजला की त्या दचकत. कात्रीलाही काही सुधरत नव्हतं. ती दिवसातून तीनदा खोलीत यायची, काचेला नाक लावून पाहुणे बघायची आणि काही न बोलता जायची.

"काय बघतेस?" आत्यांनी शेवटी विचारलं.

"काही नाही. सही झाली का?"

"इतकी घाई का?"

"झाली की मला स्वस्थ वाटेल," कात्री म्हणाली. आत्यांना हे वाक्य सहज म्हटल्यासारखं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी त्या अभिलेखांच्या खोलीत गेल्या. तिथे एका लोखंडी कपाटात चोवीस वर्षांची रजिस्टरं होती, सगळी त्यांच्याच अक्षरात. ती कोणीही, कधीही वाचली नव्हती. संशोधक त्यांचा उल्लेख आदराने करत आणि कपाटाला पाठ टेकून चहा पीत. आत्यांनी नऊ वर्षांपूर्वीचं काढलं. पान सापडायला वेळ लागला नाही. नऊशे सात. नऊशे आठ. अक्षर तेच, शाई तीच, मधे खाडाखोड नाही. वाचणाऱ्याला काही म्हणजे काही कळणार नव्हतं.

पण दोन ओळींच्या जरा वर, समासात, कागद अंगठ्याएवढ्या जागेत पारदर्शक झाला होता. उजेडात धरला तर मागची ओळ दिसत होती. क्रीम. त्या दिवशी त्यांनी पान दाबून धरलं होतं तो अंगठा. आत्यांनी पान हुंगलं. गुलाबाचा वास असणं शक्य नव्हतं, नऊ वर्षांनी. तो त्यांना आला.

पान फाडणं सोपं होतं. शिवण सैल होती. आत्यांनी पानाच्या कडेला बोट लावून पाहिलं, आणि त्यांच्या मनात भलताच विचार आला, की पान फाडलं तर पुढचं पान सुटेल, ते चिकटवावं लागेल, आणि डिंकाला वास असतो. त्या स्वतःवरच चिडल्या. रजिस्टर काखेत मारून जिना चढल्या.

कात्री पडद्यासमोर बसली होती. आत्यांनी रजिस्टर तिच्या कीबोर्डवरच ठेवलं, त्यामुळे पडद्यावर एकाच अक्षराची रांग उमटत गेली.

"वाच."

"काय वाचू?"

"मी बोलायला लागले तर सोयीचं तेवढंच बोलेन. तू वाच, आणि हा डाग कसला ते मला विचार."

कात्रीने वाचलं. मग डाग बघितला. मग विचारलं. आत्यांनी सांगितलं, नणंदेपासून नावाड्यापर्यंत, काही न गाळता. सांगताना त्या उभ्याच होत्या. कात्रीने रजिस्टर उचललं, कीबोर्ड मोकळा झाला, पडद्यावरची रांग थांबली.

"कुठली खाडी?"

"डोंगरापलीकडची."

कात्री ओठ चावत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "मला गेल्या महिन्यापासून वाटत होतं. नुसते तुकडे बदलले असते तर ठीक. पण जनुकांचा क्रमसुद्धा पार विस्कटलाय. दहा वर्षांत इतकं होत नाही. होऊच शकत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"कारण तुम्ही होतात ना. चोवीस वर्षांत झेल सुटला नाही. म्हटलं, आत्यांनी सही केली की शंका माझी नाही, त्यांची." तिने नाक पुसलं. "सोमवारी सही केली असती तर मी गप्प बसले असते, आत्या. देवाशपथ बसले असते."

चार दिवस त्यांना वाटत होतं, की या पोरीची चार वर्षं आपण बुडवतो आहोत. ते खरंच होतं. पण पोरगीही काठावर उभी राहून त्यांच्या धक्क्याची वाट बघत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"चल," त्या म्हणाल्या. "सर जेवायला जायच्या आत."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग नेहमीसारखा. बराच वेळ ते खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्या खिडकीतून तेवढंच दिसायचं.

"क्रीम कसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"गुलाबाचं."

"गुलाबाचं," सर म्हणाले, जणू बाभळीचं असतं तर गोष्ट वेगळी. मग कात्रीकडे वळले. "उद्या लेख जात नाही."

"हो."

"तू आता काय करणार?"

"दोन्ही खाड्यांतले ताजे आणायचे. पुन्हा सगळं मोजायचं. बाहेरून एक आणि आतून इतके वेगळे कसे, हाही प्रश्नच आहे."

"सहा महिने."

"आठ. आणि ते कोणी आधीच मोजलं नसेल तर."

तसं कोणी मोजलं असणं अगदी शक्य होतं, आणि खोलीतल्या तिघांनाही ते माहीत होतं. सरांनी कपाळ चोळलं. मग आत्यांकडे पाहिलं.

"दारावरची सूचना तुम्हीच लिहिली होती ना?"

"हो."

"मला इतक्या वर्षांत ती न वाचता आत जायची हिंमत झाली नाही," सर म्हणाले. त्यात राग किती होता हे आत्यांना पुढे कित्येक दिवस ठरवता आलं नाही. "लिहून द्या."

आत्यांनी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. आमटीचा डाग बघून सरांनी डोळे मिटले. छापलेल्या ओळीवर आत्यांनी रेघ मारली आणि खाली लिहिलं: पिढी ९०७ माझ्या हातून मेली. पिढी ९०८ पासून वंश पलीकडच्या खाडीतला. तारीख घातली. सही केली. तशीच नोंद रजिस्टरात, डागाच्या शेजारी केली. अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं. सवयीचा हात ऐनवेळी मालकाला विचारत नाही.

अठरा अंशांच्या खोलीत वल्ही फिरत होती. चार नंबरच्या पात्रातल्या माद्या अंड्यांनी भरून पिवळसर दिसत होत्या, तासाभरात फुटून अंडी सोडणार होत्या. झेल घ्यायला हवा होता. आत्यांनी फळ्यावरचा १४६२ पुसला. बोटांवर हिशेब केला, मग खात्रीसाठी कागदावर केला, आणि ५५५ लिहिलं. फळा एकदम रिकामा वाटू लागला.

दारात कात्री आली. आत येण्याआधी तिने सूचना वाचली.

"सर खोदकामवाल्याशी फोनवर भांडताहेत," ती म्हणाली. "महिनाअखेरचा आकडा त्याने आजच खोदून टाकलाय. काचेवरचं पुसता येत नाही म्हणतो."

"मग?"

"सर त्याला म्हणाले, तुमचं काय चुकलं, आम्ही दिलं तसं तुम्ही लिहिलंत."

निरोप-समारंभ होईल की नाही हे आत्यांनी विचारलं नाही आणि कात्रीनेही सांगितलं नाही. एक मादी घर सोडून वर तरंगू लागली होती. आत्यांनी हात धुतले, हवेत वाळवले, नाकाशी नेले.

शाईचा वास येत होता. त्यांनी हात पुन्हा धुतले.